मदत हवी आहे: पॅरी ऐच्छिक म्हणायची, पण तिच्याशिवाय बॉस मरतच नाही

मंडळी, एकट्याने एक छोटा टर्न-बेस्ड आरपीजी (आळीपाळीने वार करत लढायचा, पात्र घडवत न्यायचा व्हिडिओ गेम) बनवतोय आणि लढाईच्या गणितात अडकलोय.

शत्रूचा वार पडतानाच बटण दाबलं की पॅरी होते, नुकसान शून्य. ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी औषध आहे, म्हणून पॅरी ऐच्छिक, असं मी ठरवलं होतं. पण तिसऱ्या बॉसचा (मोठ्या, तगड्या शत्रूचा) वार ९० चा आणि खेळाडूची हेल्थ १२०. पॅरी न करणारा प्रत्येक पाळीला औषधच पीत बसतो, हल्ला करणार कधी? वार ४० वर आणून पाहिला, तर पॅरी चुकली तरी काही बिघडत नाही. मग ती शिकेल कोण?

'सेकिरो' या गेमने (२०१९) वार परतवणं जवळजवळ सक्तीचंच केलं. 'एल्डन रिंग' या गेममध्ये (२०२२) मदतीला आत्मे बोलवायचे की नाही ते तुमच्यावर. दोन्ही पटतात, माझं मात्र ना धड इकडे, ना धड तिकडे.

पॅरीने नुकसान फक्त निम्मं करून वर एक प्रतिहल्ला दिला तर तोल सावरेल का? कुणी करून पाहिलंय? आकड्यांसकट सांगा. आणि 'सोपा मोड टाक' एवढंच नको, तो आधीच आहे. तिथेही हेच रडगाणं.