मदत हवी आहे: दाब वाढवला की ॲल्युमिनियमचे इलॅस्टिक कॉन्स्टंट गंडतात

अर्धवट_प्रोजेक्ट: एमएस्सीचा प्रोजेक्ट, इलॅस्टिक कॉन्स्टंट (ताण दिला की स्फटिक किती विरोध करतो ते) कॉम्प्युटरवर काढायचे, सोमवारी गाइडना दाखवायचंय. शून्य दाबाला सगळं जुळतं, दाब वाढवला की बल्क मॉड्युलस (सगळ्या बाजूंनी दाबलं की पदार्थ आकसायला किती विरोध करतो ते) दोन पद्धतींनी दोन येतो. तीन आठवडे डोकं फोडतोय. कुणी केलंय का?

के_पॉइंट_काका: के-पॉइंट (इलेक्ट्रॉनची ऊर्जा ज्या बिंदूंवर मोजतोस ते) वाढव. धातू आहे, फर्मी पृष्ठभाग (भरलेल्या आणि रिकाम्या इलेक्ट्रॉन-अवस्थांची सीमा) नीट पकडला नाही तर असंच होणार. दहापैकी नऊ वेळा हेच असतं.

अर्धवट_प्रोजेक्ट: ३२×३२×३२ पर्यंत नेले. उत्तर हललंसुद्धा नाही.

के_पॉइंट_काका: मग स्मिअरिंग बघ, म्हणजे ती सीमा किती धूसर केलीस ते.

निशिगंध: कोणता कोड, किती दाब, कोणत्या दोन पद्धती? काहीच लिहिलं नाहीस बाबा.

अर्धवट_प्रोजेक्ट: सॉरी, क्वांटम एस्प्रेसो (इलेक्ट्रॉनांवरून पदार्थाचे गुणधर्म काढणारा कोड). दाब ० ते २०० गिगापास्कल, एफसीसी रचना (घनाच्या कोपऱ्यांवर आणि पृष्ठांच्या मध्यावर अणू). एक बल्क मॉड्युलस बर्च-मुरनाघनमधून (ऊर्जा-घनफळाचं समीकरण बसवून), दुसरा (सी११ + २ सी१२)/३ करून. सी११, सी१२, सी४४ हे तीन इलॅस्टिक कॉन्स्टंट.

जुना_रसायनी: २०० ला एफसीसी धरलंय ना? मग ठीक. प्रयोगात ॲल्युमिनियम २१७ च्या आसपास एचसीपी (षट्कोनी रचना) होतं, त्यापुढे जाऊ नकोस. मुळात ॲल्युमिनियम कसलं घेतलंत, सोडियम घ्यायचं! ६५ ला बीसीसीचं (घनाच्या मध्यात अणू) एफसीसी होतं आणि २०० च्या आसपास चक्क पारदर्शक. धातू दाबला की अजून धातू होणार असं वाटतं, इथे उलटंच. गाभ्यातले इलेक्ट्रॉन एकमेकांना खेटतात आणि बाहेरचे अणूंमधल्या फटींत जाऊन बसतात.

अर्धवट_प्रोजेक्ट: सर, विषय गाइडनी दिलाय.

शॉपफ्लोअर: ६०६१ चा (ॲल्युमिनियमचा मिश्रधातू) ब्रॅकेट असेल तर सॉफ्टवेअर कशाला, डेटाशीट बघा.

सुगरण_सातारा: म्हणजे ॲल्युमिनियमचा कुकर किती दाबापर्यंत सुरक्षित?

निशिगंध: ताई, कुकरमध्ये जास्तीचा दाब साधारण एक वातावरण, इथे बोलणं लाखो वातावरणांचं चाललंय. कुकरला काही होत नाही. @अर्धवट, दोन उत्तरांतला फरक किती? आकडे दे.

अर्धवट_प्रोजेक्ट: ५० ला ३४, १०० ला ६६, २०० ला १३४, सगळं गिगापास्कलमध्ये. सी११ + २ सी१२ वाली किंमत कमी येते.

निशिगंध: हा फरक दाबाच्या दोन-तृतीयांश आहे. के-पॉइंटचा गोंधळ असा सरळ रेषेत वाढत नाही. ताण कसा देतोस?

अर्धवट_प्रोजेक्ट: अक्षाला (१+ई) ने गुणतो (ई म्हणजे छोटासा ताण), ऊर्जेवर पॅराबोला बसवतो. सी११ साठी एक अक्ष, सी१२ साठी दोन. सी४४ साठी शिअर (तिरका ताण), ताणाच्या मॅट्रिक्समध्ये कर्णाबाहेर ई/२.

निशिगंध: सापडलं. एक अक्ष ताणला की घनफळ ई च्या पहिल्या घातातच बदलतं, दोन ताणले की ई-वर्गही येतो. त्याला दाब गुणला जातो आणि तुझा सी१२ बरोबर दाबाएवढा कमी होतो. शून्य दाबाला गुणायला काही नाही, म्हणून तिथे जुळलं. शिअरमध्ये उलट घनफळ ई-वर्ग/४ ने घटतं, म्हणजे १०० ला सी४४ ५० ने फुगलेला असणार. बघ बरं.

के_पॉइंट_काका: मी नेहमी ऊर्जेऐवजी स्ट्रेसवरूनच काढतो, ही भानगडच नको.

निशिगंध: मग सुरुवातीला के-पॉइंट कशाला सांगितलेत?

के_पॉइंट_काका: तेही लागतातच.

निशिगंध: @अर्धवट, घनफळ न बदलणारे ताण घे: एक अक्ष (१+ई), दुसरा (१-ई), तिसरा १/(१-ई-वर्ग). त्यातून थेट सी११-सी१२ मिळेल, बल्क मॉड्युलस बर्च-मुरनाघनचाच ठेव. शिअरलाही तिसरा अक्ष तसाच भरून काढ.

अर्धवट_प्रोजेक्ट: १०० ला शिअर परत चालवला, सी४४ ४९ ने उतरला!!! आता बाकीचे दाब लावून झोपतो.

जुना_रसायनी: सोडियमचा विचार कर मात्र.