अनुभव सांगा: सगळं आवरून जर्मनीला जाताना माणसाचं काय होतं?

येत्या मार्चमध्ये आम्ही नाशिकहून म्युनिकला चाललोय. नवऱ्याला ब्लू कार्डवर (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा राहण्याचा परवाना) जॉब मिळालाय, मुलगी ८ वर्षांची आहे, तिकडे तिसरीत बसेल. मी १४ वर्षं शाळेत गणित शिकवलं, गेल्या महिन्यात राजीनामा दिला आणि तेव्हापासून रात्री धड झोप नाही. बॅगेत काय भरायचं ते सगळेच सांगतात, ते नकोय मला. तिकडे गेल्यावर आपलं काय होतं, मुलांचं काय होतं, ते ज्यांनी केलंय त्यांनी सांगा. चांगलं, वाईट दोन्ही चालेल.

म्युनिक, ९ वर्षं
ताई, आम्ही आलो तेव्हा आमचा मुलगाही ८ वर्षांचाच होता म्हणून आधी शाळेचंच सांगते. बव्हेरियात, म्हणजे म्युनिकच्या राज्यात, चौथीनंतर मुलांच्या वाटा वेगळ्या होतात. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यासासारखा एक विषय, या तिन्हींची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली असेल तर गिम्नाझियुम, म्हणजे थेट युनिव्हर्सिटीकडे नेणारी शाळा, आणि इथे १ म्हणजे सगळ्यात उत्तम मार्क. आमच्याकडे भाषा शिकायला जेमतेम दीड वर्ष होतं, त्यातले पहिले पाच महिने तो वर्गात एक शब्द बोलला नाही, घरी येऊन दप्तर ठेवायचा आणि खिडकीत बसायचा. त्याला मिटलशूल, म्हणजे नोकरी-धंद्याच्या शिक्षणाकडे नेणारी शाळा, मिळाली तेव्हा मी आईला फोनवर सांगूही शकले नाही, आपण आपल्या हातानं पोराचं नुकसान केलं असंच वाटत होतं. पुढे कळलं की ती वाट बंद नसते, तिथूनही दहावी करून फाखओबरशूलला (दहावीनंतरची, पुढे कॉलेजला नेणारी शाळा) जाता येतं, आज तो तिथेच आहे आणि खूश आहे.
पण एक चूक मनापासून सांगते. त्याचं जर्मन लवकर सुधारावं म्हणून मी घरी मराठी बंद केलं आणि माझ्या मोडक्या जर्मनमध्ये बोलायला लागले. जर्मन त्याला शाळेनं शिकवलंच असतं. आता आजीशी बोलताना तो तीन वाक्यांनंतर अडकतो, आजी म्हणते असू दे गं, पण तिचा चेहरा दिसतो ना व्हिडिओवर. घरी मराठीच बोला.

श्टुटगार्ट, ५ वर्षं
मी ठाण्यात बँकेत ऑफिसर होते. इथे आल्यावर ६०० तासांचा भाषेचा कोर्स केला, वर्गात सीरियाचे, युक्रेनचे लोक, त्यात एक दाताची डॉक्टर होती, एक वकील. एक दिवस भूतकाळ शिकवला आणि सगळ्यांना एकेक वाक्य करायला सांगितलं. माझ्या तोंडून आलं, मी बँकेत होते. जर्मनमधलं माझं भूतकाळातलं पहिलं वाक्य माझ्याबद्दलच होतं, घरी जाईपर्यंत ट्राममध्ये रडत होते. दुसऱ्या दिवशी त्या डॉक्टर बाईनं स्वतःहून माझ्यासाठी कॉफी आणली, तिला काही सांगावं लागलं नाही.
ब्लू कार्डवाल्याच्या बायकोला पहिल्या दिवसापासून नोकरीची परवानगी असते, अडतं ते भाषेपाशी. शाळेत शिक्षक व्हायचं तर साधारण सी१ (जर्मनच्या ए१ ते सी२ या पायऱ्यांमधली वरून दुसरी) लागतं, वर बहुतेक ठिकाणी दोन विषय मागतात, त्याला वर्षं जातात. पण गणिताच्या शिकवणीला इथे भरपूर मागणी आहे, आणि शिकवायला लागलात की तुमची भाषाही सुधारेल. निघायच्या आधी ए१, म्हणजे पहिली पायरी, तरी कराच.

बर्लिन, १ वर्ष
माझं छोटंसं. घराची किल्ली मिळाली, आत गेलो तर किचनमध्ये सिंकसुद्धा नाही, नुसते पाइप. इथे भाड्याच्या घरात किचन बऱ्याचदा नसतंच, आधी विचारून घ्या. आणि डिसेंबरात चारच्या आत सूर्य मावळतो. पहिल्या हिवाळ्यात मी सगळ्यांवर चिडत होतो, मला वाटलं नोकरीच झेपत नाहीये. रोज दुपारी अर्धा तास बाहेर चालायला लागलो, मग हळूहळू बरं वाटलं.

फ्रँकफर्टजवळ, ६ वर्षं
हे लिहू की नको असं चाललं होतं. माझ्या रेसिडन्स कार्डची मुदत संपत आलेली आणि परदेशी लोकांचे परवाने देणाऱ्या सरकारी ऑफिसची अपॉइंटमेंट काही मिळत नव्हती, रोज सकाळी वेबसाइट उघडायचो, रोज तेच. त्यातच साताऱ्याहून भावाचा फोन, बाबा आयसीयूत. तात्पुरता कागद मिळून मी निघेपर्यंत अकरा दिवस गेले. बाबा नवव्या दिवशी गेले. मी घरी पोचलो तेव्हा त्यांचा चष्मा टीव्हीवर तसाच होता.
कुणाला दोष देऊन ते दिवस परत येणार नाहीत, पण तुम्ही कार्डची तारीख दारावर लिहून ठेवा, निदान तीन महिने आधी अर्ज करा आणि तिकिटापुरते पैसे कायम वेगळे ठेवा.
आई आता एकटी असते. मार्चच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं पुढे जातात, साडेचार तासांचा फरक साडेतीनवर येतो, ऑक्टोबरात परत साडेचार. ती कालनिर्णयवर त्या दोन्ही तारखांना पेनानं गोल करून ठेवते, म्हणजे माझा फोन उशिरा आला तर जीव घाबरायला नको.

पुणे, ७ वर्षांनी परत
आम्ही सासूबाईंसाठी परत आलो. आईवडलांना तिकडे व्हिजिटर व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, कायमचं आणणं फार अवघड. परत आल्यावर लोक विचारायचे, जमलं नाही का? छान जमलं होतं हो. मुलीला अजून तिची कासेलची मैत्रीण फोन करते आणि दोघी तासभर जर्मनमध्ये खिदळतात, मी स्वयंपाकघरातून ऐकत राहते.

नाशिक (धागा काढणारी)
सगळं दोनदा वाचलं. साताऱ्याचे दादा, काय लिहू कळत नाही, पण तुम्ही लिहिलंत त्याबद्दल आभारी आहे. आत्ताच नवऱ्याला कार्डच्या तारखेचं सांगितलं. म्युनिकच्या ताई, तुमचा मुलगा पाच महिने गप्प होता तेव्हा घरी तुम्ही त्याच्याशी काय बोलायचात, की काहीच नाही बोलायचं? तेवढं सांगाल?