‘आय विल ऑल्वेज लव्ह यू’ : गाणे डॉलीचे, आवाज व्हिटनीचा, मग चित्रपटाचे काय?

सूरपारखी (धागाकर्ता)

‘द बॉडीगार्ड’ या १९९२ च्या चित्रपटातील ‘आय विल ऑल्वेज लव्ह यू’ या गाण्याचा विषय निघाला की दोनच नावे घेतली जातात: ते लिहिणाऱ्या डॉली पार्टन आणि ते गाणाऱ्या व्हिटनी ह्यूस्टन. माझे मत असे आहे की हे गाणे ज्या रूपात जगभर पोहोचले ते रूप चित्रपटाच्या गरजेतून घडले, आणि ते श्रेय चित्रपटाला क्वचितच दिले जाते.

मुळात या जागी ‘व्हॉट बिकम्स ऑफ द ब्रोकनहार्टेड’ हे जुने गाणे घेण्याचे ठरले होते. ते ‘फ्राइड ग्रीन टोमॅटोज’ या दुसऱ्या चित्रपटात वापरले गेल्याचे कळल्यावर शोधाशोध सुरू झाली, आणि चित्रपटाचे नायक व एक निर्माते केविन कॉस्टनर यांनी लिंडा रॉनस्टॅड यांनी १९७५ साली गायलेले हे गाणे सुचवले. गाण्याची सुरुवात कोणत्याही वाद्याच्या साथीशिवाय व्हावी, हा हट्टही कॉस्टनर यांचाच होता. संगीत निर्माते डेव्हिड फॉस्टर यांना तो आधी रुचला नव्हता आणि अशी सुरुवात रेडिओवर वाजवली जाणार नाही, ही चिंता ध्वनिमुद्रिका कंपनीलाही होती. कॉस्टनर यांचे म्हणणे मात्र कथेतून आलेले होते: गायिका असलेली नायिका (ह्यूस्टन) आपल्या अंगरक्षकासाठी, म्हणजे नायकासाठी, वाद्यांवाचून गाते, यातूनच तिच्या प्रेमाची खोली कळली पाहिजे. सुमारे पाऊण मिनिट नुसता आवाज ऐकू येतो तो या हट्टामुळे, आणि तेच गाणे अमेरिकेतील लोकप्रिय गाण्यांच्या मुख्य यादीत सलग १४ आठवडे अग्रस्थानी राहिले, जो त्या वेळचा विक्रम होता.

जुनी तबकडी

सूरपारखी, आपली माहिती बरोबर आहे, पण तिच्यातून काढलेला निष्कर्ष मला मुळीच मान्य नाही. डॉली पार्टन यांनी हे गाणे १९७३ साली नॅशव्हिलमध्ये ध्वनिमुद्रित केले आणि पुढच्या वर्षी ते प्रसिद्ध झाले. पोर्टर वॅगनर यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात त्या १९६७ पासून गात होत्या. तेथून बाहेर पडून स्वतःची वाट धरायची होती, पण हे वॅगनर यांना कसे सांगावे ते सुचेना, म्हणून डॉलींनी हे गाणे लिहिले. म्हणजे हा प्रियकराचा निरोप नसून, ज्याने हात दिला त्या माणसाचा हात सोडताना मानलेले आभार आहेत. मूळ ध्वनिमुद्रणातले शेवटचे कडवे डॉली गात नाहीत, त्या ते बोलतात. समोरच्याला सुख लाभो, हे त्या इतक्या हळू सांगतात की ऐकणाऱ्याला आपण दुसऱ्या कोणाचे खासगी बोलणे ऐकत आहोत असे वाटावे. मला हे गाणे त्या कडव्यापाशी पूर्ण कळते, आणि १९९२ च्या रूपात तीच नम्रता सर्वांत आधी हरवते.

शिवाय चित्रपटानेच गाणे घडते असे म्हणावे, तर हेच गाणे डॉलींनी १९८२ साली ‘द बेस्ट लिटल होअरहाउस इन टेक्सस’ या चित्रपटासाठी नव्याने गायले होते, त्याचे काय? ते कंट्री, म्हणजे अमेरिकी ग्रामीण ढंगाच्या, संगीताच्या यादीत दुसऱ्यांदा पहिले आले, पण जगभर काही गेले नाही. ऑस्कर अकादमीच्या नियमांनुसारही हे ‘द बॉडीगार्ड’चे स्वतःचे गाणे नव्हते. त्या चित्रपटातील दुसऱ्या दोन गाण्यांना नामांकन मिळाले, हे मात्र जुने असल्यामुळे पात्रच ठरले नाही.

सूरपारखी

१९८२ चा दाखला योग्य आहे, पण त्यातून माझेच म्हणणे पुढे सरकते. केवळ चित्रपटात गाणे असून भागत नाही, कथेने त्या गाण्याकडे काही मागावे लागते. ‘द बॉडीगार्ड’मध्ये हे गाणे दोनदा येते, हे पुष्कळांच्या लक्षात राहत नाही. नायक-नायिका एका बारमध्ये नाचत असताना जॉन डो यांच्या आवाजातील कंट्री ढंगाची आवृत्ती वाजते, आणि इतके रडके गाणे कसले, म्हणून नायिका हसते. शेवटी विमानतळावरील निरोपानंतर तीच नायिका तेच गाणे स्वतः गाते. ज्या शब्दांना ती हसली होती ते आता तिचे स्वतःचे झालेले असतात. हा प्रवास नुसत्या तबकडीत नाही, तो चित्रपटात आहे.

तिसरी पट्टी

आपण दोघेही गळ्याला विसरत आहात, असे मला नम्रपणे वाटते. पहिल्याच शब्दावर ह्यूस्टन ज्या बारीक हरकती घेतात त्या ना मूळ गाण्यात आहेत ना पटकथेत. कर्क व्हेलम यांच्या सॅक्सोफोनच्या तुकड्यानंतर आवाज पुन्हा अगदी खाली येतो, शेवटचे कडवे होते, मग सारे क्षणभर थांबते, ड्रमचा एकच ठोका पडतो आणि पट्टी पूर्ण एका स्वराने वर जाते. त्या ठोक्यानंतर धृपदाचा पहिला सूर बिनचूक आणि भरदार लागला नाही, तर आधीची शांतता पोरकी ठरेल. ती जोखीम गायिकेने उचलली, कथेने नव्हे. जुनी तबकडी यांना जेथे नम्रता हरवलेली वाटते, तेथे मला आवरून धरलेले रडू एकदम फुटल्यासारखे ऐकू येते.

जुनी तबकडी

तिसरी पट्टी, आपण त्या कडव्यापर्यंत आलात हे फार बरे झाले, कारण माझा खरा मुद्दा तेथेच आहे. चित्रपटवाल्यांच्या हाती होती ती रॉनस्टॅड यांची आवृत्ती, आणि तिच्यात ते शेवटचे कडवे नव्हते. फॉस्टर यांनी डॉलींना फोन केला तेव्हा ही गोष्ट निघाली. त्या कडव्यावाचून गाण्याचा भावच उतरणार नाही, असे डॉलींचे मत पडले आणि त्यांनी ते शब्द फॉस्टर यांना दिले. म्हणजे आपण वर्णन केलेली ती शांतता ज्या कडव्यानंतर येते, ते कडवे ना चित्रपटाकडे होते ना गायिकेकडे.

हे शब्द डॉलींच्या हाती उरले होते, हेही सहज घडलेले नाही. एल्व्हिस प्रेस्ली यांना हे गाणे गायचे होते, आणि त्यासाठी त्यांचे व्यवस्थापक कर्नल टॉम पार्कर यांनी प्रकाशन हक्कांचा अर्धा वाटा मागितला. डॉली त्या रात्री रडल्या, पण हक्क सोडले नाहीत.

सूरपारखी

कडव्याची ही हकिकत मी लक्षात घ्यायला हवी होती, आणि ‘रूप चित्रपटाने घडवले’ हे माझे विधान मी तितके मागे घेतो: सुरुवात कॉस्टनर यांच्या हट्टाची, पण शेवटचे कडवे डॉलींचे. साथीशिवायच्या पाऊण मिनिटाबद्दल मात्र मी ठाम आहे.

तिसरी पट्टी

आणि ड्रमच्या ठोक्यानंतरच्या पहिल्या सुराबद्दल मी.