ऊकारान्त नाव ठेवा

तुमच्या कुत्र्याच्या पिल्लाला नाव सुचवायचंय; पिल्लू घडीभर एका जागी थांबत नाही आणि नाव नर-मादी दोघांनाही शोभेल असं हवं, असं तुम्ही म्हटलंय. माझं मत, ऊकारान्त, म्हणजे शेवटी ‘ऊ’ येणारं नाव ठेवा. मराठीत ‘आ’ आला की नर वाटतो, ‘ई’ आली की मादी. पण पाखरू, वासरू, कोकरू, खुद्द पिल्लू, यांत दोघंही मावतात.

आमच्या वावरातल्या कुत्रीचं नाव ‘तुरू’. ती धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, तुरुतुरु पळते म्हणून, आणि आणली तेव्हा तूर फुलावर होती म्हणूनही. पऱ्हाटीच्या तासातून, म्हणजे कपाशीच्या ओळीतून, माझी एक चप्पल तोंडात धरून अशी सुटायची, की परत येईपर्यंत मिशांना कापूस लागलेला असायचा! आता तिचं एक पोरगं शेजाऱ्यांकडे आहे, त्याचं नाव ‘बोंडू’. कापसाच्या बोंडासारखंच गोल होतं ते. ‘टुणू’ही छान आहे, तुमचं उड्या मारणारं असेल तर नक्कीच.

एक मात्र सांभाळा. गावात कुत्र्याला हाकलताना ‘हाड’ म्हणतात, अंगावर सोडताना ‘छू’. म्हणून ‘हड्डू’, ‘छोटू’ टाळा. बिचाऱ्याला माया कोणती आणि हाकलणं कोणतं, हे कसं कळावं? नाव दोन अक्षरीच बरं, वावराच्या या टोकावरून त्या टोकाला हाक मारताना ओढता येतं: तुरूऽऽ!

आणि घरात सगळ्यांनी एकाच नावानं हाक मारा. आमच्याकडे आई महिनाभर ‘बाळा’ म्हणायची, तेव्हा तुरू दोन्हींकडे ढुंकून पाहत नव्हती.