‘ऑफिस-सीकर’ला मराठीत काय म्हणाल?

शाईचा_डाग: अमेरिकेतल्या ओहायो नदीकाठच्या पहिल्या वसाहतींवरचा एक लेख मराठीत करतेय. १७८७च्या कायद्याने नदीपलीकडच्या ‘वायव्य मुलुखा’साठी एक गव्हर्नर, एक सेक्रेटरी आणि तीन न्यायाधीश ठरले. सॅम्युएल पार्सन्स यांचा डोळा गव्हर्नरपदावर होता. जमीन घेणाऱ्या कंपनीतर्फे बोलणी करणारे मनासे कटलरही आधी त्यांच्याच बाजूचे. पण आर्थर सेंट क्लेअर पडले काँग्रेसचे, म्हणजे तिथल्या संसदेचे, अध्यक्ष, व्यवहार मंजूर व्हायचा तर त्यांना दुखवून कसं चालेल? ते गव्हर्नर झाले, पार्सन्स न्यायाधीश. मूळ लेखात पार्सन्सना ‘ऑफिस-सीकर’ म्हटलंय. मी ‘पदेच्छुक’ लिहिलं. नवरा म्हणतो, चूर्णाचं नाव वाटतं.

जुनी_दौत: उमेदवार. अडलंय कुठे?

शाईचा_डाग: उमेदवार म्हटलं की गुलाल आणि मतपेटी. ही पदं नेमणुकीची होती हो.

जुनी_दौत: गुलाल नंतर आला. माझ्या आजोबांनी तालुका कचेरीत दीड वर्ष बिनपगारी उमेदवारी केली, तेव्हा कुठे कारकून झाले. उमेद धरून दाराशी बसतो तो उमेदवार.

निखळ: पुन्हा फारसी! विद्यार्थी चालतो तर ‘पदार्थी’ का नको?

भटकभवानी: पदार्थी पार्सन्स! सोबत लोणी द्या.

निखळ: थट्टा सोपी असते. ‘महापौर’लाही लोक हसलेच होते.

शाईचा_डाग: बरं, दुसरा खोळंबा. २ सप्टेंबर १७८८ला तिथल्या मॅरिएटा गावात, कॅम्पस मार्शियस नावाच्या लाकडी गढीत, तिथलं पहिलं कोर्ट भरलं. शेरीफ स्प्रोट उपसलेली तलवार घेऊन मिरवणुकीच्या पुढे, मागे न्यायाधीश पटनम आणि टपर. मी ‘कोर्ट भरलं’ लिहिलं, संपादकांनी ‘न्यायालयाची स्थापना झाली’ केलं.

जुनी_दौत: संपादक चुकले. स्थापना कायद्याने होते आणि तो कायदा २३ ऑगस्टचा. सप्टेंबरात भरलंच. आणि न्यायाधीशांना नेमणुकीच्या ‘सनदा’ होत्या असं लिहा, ‘नियुक्तिपत्रं’ नको. नियुक्तिपत्र बँकेत लागतं.

काळा_कोट: वीस वर्षं वकिली करतोय. कोर्ट बसतं. ‘कोर्ट उठेपर्यंत शिक्षा’ ऐकलंय ना? बसल्याशिवाय उठेल कसं?

भटकभवानी: बाजार भरतो आणि उठतोही. तो कधी बसला होता?

काळा_कोट: बाजाराचं उदाहरण कोर्टाला लावू नका.

भटकभवानी: का? तुमच्या कोर्टाच्या आवारात कधी आलात का सोमवारी?

निखळ: ‘शेरीफ’ तसाच ठेवणार? मुंबईत ‘नगरपाल’ आहे.

जुनी_दौत: मुंबईचा नगरपाल मानाचा. हा समन्स बजावणारा, माणसं धरून आणणारा, वर हातात तलवार. शिवाय नगर कुठे होतं तिथे? गाव वसून पाच महिने झालेले. शेरीफच ठेवा.

निखळ: मग कोतवाल म्हणा.

भटकभवानी: कोतवालही फारसीतूनच आला ना? तुम्हीच म्हणताय?

निखळ: त्यातला ‘कोट’ संस्कृत आहे. कोट म्हणजे किल्ला. कोटपाल.

काळा_कोट: मला कुणी बोलावलं का?

शाईचा_डाग: मजकूर उद्या द्यायचाय. पार्सन्सचं काय करू?

निखळ: ‘कोट’वर वेगळा धागा काढतो.