आंब्यावरचे लाल मुंगळे: फवारणी करायची का?

सेक्रेटरी: मंडळी, गार्डनमधल्या आंब्यावर लाल मुंगळे फार झालेत. काल एका मुलाला चावले. रविवारी फवारणीवाल्याला बोलावू का?

बी-७०४ काकू: बोलवाच. माझ्या गॅलरीतही एक आला होता, धाग्याला लोंबकळत. फोटो टाकते.

ए-२०३: काकू, फोटो मोठा करून पाय मोजा. आठ आहेत. हा मुंगळा नाही, कोळी आहे! पुढचे दोन पाय मिशांसारखे वर धरून हलवतो, म्हणून सहाच वाटतात. समोरून दोन टपोरे डोळे दिसतील. उड्या मारणाऱ्या कोळ्यांपैकी आहे, नाव मिर्माप्लाटा.

बी-७०४ काकू: अगं बाई, खरंच आठ. पण तोंड केवढं लांब?

ए-२०३: तो नर आहे. जबडे इतके लांब, की एक मुंगी दुसरीला तोंडात धरून चालल्यासारखी दिसते. मादीचे तसे नसतात.

सी-११०१: ताई, हा बघा, मी आज सकाळी झाडाखाली काढलेला फोटो. रंग तोच, पण याने चक्क मुंगळा पकडलाय. हाही तोच ना?

ए-२०३: नाही दादा, हा वेगळा! किती छान फोटो मिळाला तुम्हाला. दोन काळे ठिपके दिसतात ना, ते डोळे नाहीत. ते पोटाच्या मागच्या टोकावर आहेत. मुंगीचं डोकं वाटतं ती खरं तर याची मागची बाजू. हा अमायसिया, खेकडा-कोळ्यांपैकी. मुंगळे हेच याचं खाणं. पकडला की धाग्यावरून खाली लटकतो, म्हणजे बाकीचे अंगावर येत नाहीत.

काकूंच्या फोटोतला कोळी मात्र मुंगळ्यांपासून लांबच राहतो. जवळ आले की धागा सोडून खाली. मुंगळ्यांच्या वाटेला सहसा कोणी जात नाही, म्हणून त्यांच्यासारखं दिसण्यातच त्याचा बचाव.

सेक्रेटरी: हे सगळं ठीक, पण चावलं कोण?

ए-२०३: मुंगळेच, काका. आमच्या मालवणात यांना हुमले म्हणतात. चावतात आणि वर आम्ल सोडतात, म्हणून आग होते. पण झाडावर पानं शिवलेले गोळे पाहिलेत का? काही जण कडा ओढून धरतात, काही जण आपल्याच अळीला तोंडात धरून तिच्या रेशमाने टाके घालतात. आंब्यावरची कीडही तेच खातात. कृपा करून फवारणी नको. मुंगळे गेले की हे दोन्ही कोळीही जातील.

ए-५०२: पोरांचं काय मग? माझी मुलगी रोज तिथेच खेळते.

ए-२०३: तुमची काळजी बरोबर आहे. घसरगुंडीला एक फांदी टेकलीय, मुंगळे तिथूनच उतरतात. तेवढीच छाटूया. मी स्वतः उभी राहते.

सेक्रेटरी: माळीकाकांना उद्या सकाळी सातला सांगतो. फवारणी थांबवतो.

बी-७०४ काकू: मीही येते. नातवाला तो ठिपकेवाला दाखवायचाय.