मारुती ८००: रेडिएटर रिकामा, बाटली भरलेली. हेड उघडण्याआधी काय तपासू?

शाहूपुरी_८००
१९९९ ची कार्बोरेटरवाली गाडी, एसी मॉडेल. दर आठवड्याला रेडिएटर अर्धा लिटर तरी पितो. पार्किंगची फरशी कोरडी, रेडिएटरचं जादा पाणी साठवणारी बाटली मात्र काठोकाठ. खंबाटकी घाट चढताना तापमानाचा काटा वर जातो, एरवी मध्यावर. मेकॅनिक हेड (इंजिनच्या सिलिंडरवरचं झाकण) उघडू म्हणतात. आधी काय बघावं? साताऱ्यात प्रेशर टेस्ट कुठे होईल?

जरंडा
एवढ्यात हेडला हात लावू देऊ नका. ही लक्षणं रेडिएटरच्या टोपणाची आहेत. टोपणात दोन झडपा असतात. मोठी स्प्रिंगवाली दाब धरते, मधली छोटी इंजिन गार होताना बाटलीतलं पाणी परत ओढू देते. छोटी अडकली किंवा बाटलीची बारीक नळी चिरली की पाणी जातं, परत येत नाही, आणि बाटली भरून रस्त्यावर सांडतं. सकाळी रेडिएटरचा वरचा होज (जाड रबरी नळी) चपटा दिसला तर छोटी झडप अडकलीच समजा. मोठी झडप दाब धरत नसेल तर घाटात पाणी शंभर अंशांच्या आतच उकळतं. ०.९ बार दाब असेल तर ११५ च्या पुढेही टिकतं. टोपण छापलेला आकडा बघून त्याच दाबाचं घ्या, नळीही बदला.

कृष्णाकाठ
जरंडा म्हणतात ते आधी करा. तरीही पाणी घटलं तर प्रेशर टेस्ट, म्हणजे टोपणाच्या जागी हातपंप लावून दाब टिकतो का ते बघणं. एमआयडीसीकडच्या रेडिएटरवाल्यांना फोन करून 'हातपंप आहे का' एवढंच विचारा. इंजिन पूर्ण गार हवं. रेडिएटर काठोकाठ भरून टोपणावरच्या आकड्याइतकाच दाब द्या, जास्त दिला तर जुना सांधा फुटतो. पंधरा मिनिटं पंपाच्या काट्यावर नजर ठेवा.

काटा पडला तर टॉर्च घ्या. होजच्या क्लिपा आधी, कारण गारव्यात रबर आकसतं आणि काही गळत्या फक्त सकाळीच दिसतात. मग वॉटर पंपाच्या शाफ्टखालचं बारीक भोक. तिथे वाळलेले ओघळ असतील तर पंपाचं सील गेलंय. मग ब्लॉकचे कोअर प्लग (इंजिनच्या अंगावरची पत्र्याची गोल बुचं). आत मॅट ओली आणि काचेवर चिकट वाफ असेल तर हीटर गळतोय. गरम इंजिनवर थेंब जागीच वाळतो, म्हणून कोरड्या फरशीवर विसंबू नका.

बाहेर कुठेच ओल नाही आणि काटा पडतोय, तेव्हाच हेडखालच्या गॅस्केटचा (हेड आणि ब्लॉकमधल्या पातळ सीलचा) संशय. तिन्ही स्पार्क प्लग काढा. एकच धुतल्यासारखा स्वच्छ असेल तर त्या सिलिंडरमध्ये पाणी शिरतंय. खात्रीसाठी पाण्यात जळलेला गॅस येतोय का ते दाखवणाऱ्या निळ्या केमिकलची टेस्ट करा. रेडिएटरच्या तोंडाशी ते पिवळं पडलं तर हेड उघडावंच लागेल, आणि मग हेडचा खालचा फेस (पृष्ठभाग) सपाट आहे का ते मशीन शॉपमध्ये तपासून घ्या.

शाहूपुरी_८००
सध्या बोअरचं पाणी आहे. तोवर गळती बंद करायची पावडर टाकू का?

जरंडा
अजिबात नको दादा. ती रेडिएटरच्या बारीक नळ्या आणि हीटर बुजवते. बोअरचं पाणीही सगळं काढा, क्षार बसतात. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा. हीटर गरमवर ठेवून, टोपण न लावता इंजिन गारच असताना चालू करा, फॅन फिरेपर्यंत. बुडबुडे थांबले की काठापर्यंत भरून टोपण लावा. एकदा गरम झालेल्या गाडीचं टोपण मात्र गार होईपर्यंत उघडायचं नाही.